एका शब्दासाठी अख्खी ओळ

पत्र: "नमस्कार. मी स्वतः बांधलेलं एक गाणं घरीच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. साथ आधी तयार होती, ती हेडफोनवर ऐकत आवाज दिला. गाणं साडेचार मिनिटांचं आहे. तिसरा टेक मनासारखा झाला, फक्त दुसऱ्या अंतऱ्यात 'सांजवेळी वाट थांबे, पाऊल निघेना' या ओळीत 'थांबे'वर सूर किंचित उतरला. तेवढा शब्द पुन्हा गाऊन बसवायचा प्रयत्न तीन दिवस करते आहे. शेवटचा एकार मूळ टेकमध्ये सुंदर लागला होता, म्हणून तो तसाच ठेवून त्याच्या आधीचा भाग बदलला. सतरा वेळा गायले. सूर बरोबर येतो, पण दर वेळी ठिगळ ऐकू येतं. जणू मध्येच दुसरीच कोणी बाई येऊन एक शब्द म्हणून गेली. एकदा जुना भाग पुसलाच गेला असं वाटलं. अन्डू केल्यावर परत आला, पण तेव्हापासून हात लावायची भीती वाटते. एक मित्र म्हणतो, सगळं गाणं परत गा. आणि मनात हेही येतं, की असे तुकडे जोडून केलेलं गाणं म्हणजे लबाडी नाही का?"

नमस्कार ताई,

'दुसरीच कोणी बाई' हे तुमचे शब्द मी दोनदा वाचले, कारण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यात आलंय. तिसरा टेक गाणारी तुम्ही मुखडा, पहिला अंतरा, परत मुखडा असं करत त्या ओळीपर्यंत पोचला होता. गळा तापला होता, श्वास लयीत बसला होता, 'वाट' म्हणतानाच पुढचा 'थांबे' मनात उभा होता. सतराव्या वेळी तुम्ही शांत बसला होता, रेकॉर्डचं बटण दाबलंत, आणि एक शब्द म्हटलात. सूर जुळला तरी तो आवाज त्या गाण्यातून चालत आलेला नाही, आणि कानाला ते लगेच कळतं. सुराच्या बारीक चुका कान एक वेळ पोटात घालतो. पण आवाजामागचं शरीर बदललेलं त्याला सहन होत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: 'थांबे' दुरुस्त करणं सोडा. 'सांजवेळी वाट थांबे' इथपासून 'निघेना' संपेपर्यंतची पूर्ण ओळ पुन्हा गा, आणि तीही मुखड्यापासून गात गात तिथे पोचून. जोड किती छान बसेल याचा निकाल बहुतेक वेळा पंच मारण्याआधीच, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नवा तुकडा भरण्याआधीच, लागलेला असतो.

आता तुमचा जोड नेमका कुठे फसला ते बघू. तुम्ही शेवटचा एकार वाचवायला गेलात. मोह कळतो मला, चांगली लागलेली जागा टाकवत नाही. पण त्यामुळे जोड आला तो 'बे'च्या लांबवलेल्या स्वरात, आणि गाण्यात जोडासाठी याहून वाईट जागा नाही. लांब स्वर म्हणजे एकसारख्या लाटांची रांग. जुन्या एकाराची लाट आणि नव्या एकाराची लाट उंचीने, आकाराने, कंपाने थोडी तरी वेगळी असणारच. सरळ कापून जोडलं तर लाट मध्येच तुटते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो घालवायला क्रॉसफेड, म्हणजे जुना आवाज उतरत आणि नवा चढत जातो तो टप्पा, लांबवला तर तेवढा वेळ दोन एकार एकाच वेळी वाजतात, आणि दोन सूर अगदी जवळजवळ असले की त्यांच्यात डोल ऐकू येतो. म्हणजे छोटा फेड द्या किंवा मोठा, ती जागा दगाच देणार.

त्याच ओळीत जोडासाठी उत्तम जागा मात्र आहेत. 'वाट थांबे' म्हणून बघा. 'ट' म्हणताना जीभ टाळूला टेकते, मग 'थ'साठी दातांमागे जाते, आणि त्या दोन्हींच्या दरम्यान क्षणभर आवाज पूर्ण बंद असतो. 'थांबे, पाऊल' मध्ये 'प'साठी ओठ मिटतात, तिथेही तेच. क, ट, त, प आणि त्यांचे महाप्राण सोबती फुटण्याआधी एक बारीकशी शांतता असते. वेव्हफॉर्म, म्हणजे पडद्यावरचं आवाजाचं चित्र, मोठा करून पाहिलात तर रेघ जवळजवळ सपाट झालेली दिसेल. स आणि श यांचं सुसकारणं म्हणजे नुसता गोंगाटच, त्यातही जोड लपतो. न, म, ल, र, य, व यांच्यापासून दूर राहा, कारण त्यांत आवाज सलग वाहतो. आणि मींड असेल तर ती पूर्ण एका टेकची घ्या, तिचे तुकडे करू नका.

या सगळ्यापेक्षाही मला आवडणारी जागा म्हणजे श्वासाच्या आधीची. ओळ सुरू करण्यापूर्वी तुम्ही जो श्वास घेता तो त्या ओळीचाच भाग असतो. मोठ्या ओळीचा श्वास मोठा, हळव्या ओळीचा वेगळा. जुना श्वास ठेवून त्यावर नवी ओळ चिकटवली की ऐकणाऱ्याला बोट ठेवता येत नाही, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. जोड श्वासाच्या अलीकडे घ्या, नवा श्वास नव्या ओळीसोबत येऊ द्या, आणि शेवट पुढच्या श्वासाच्या अलीकडे करा. सुंदर एकार त्यात जाईल. त्याची हळहळ वाटेल, पण नव्या ओळीत तिचा स्वतःचा एकार असेल आणि तो तिच्यातूनच उगवलेला असेल.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. सॉफ्टवेअरमध्ये याला पंच-इन म्हणतात. तुम्ही सुरुवातीची आणि शेवटची खूण लावता, गाणं आधीपासून वाजायला लागतं, पहिल्या खुणेवर रेकॉर्डिंग आपोआप चालू होतं आणि दुसऱ्या खुणेवर बंद. खुणेच्या आधी जेवढं वाजतं ते प्री-रोल. बरेच जण प्री-रोल एक-दोन आवर्तनांचाच ठेवतात. वाद्यवादकाला तेवढा कधी कधी पुरतो. गाणाऱ्याला मी निदान अख्खा मुखडा द्यायला सांगतो, आणि त्यात नुसतं ऐकत बसायचं नाही, जुन्या आवाजाबरोबर पूर्ण गळ्याने गायचं. खूण आली याकडे लक्षच देऊ नका, गात पुढे जा, ओळ संपल्यावरही पुढची ओळ गा. खूण गेली म्हणून थांबलात तर 'निघेना'च्या शेवटीच शरीर सैल पडतं आणि ते रेकॉर्ड होतं. तुमचं गाणं ठेक्याशिवाय नुसत्या सुरावर चालत असतं, तर मी प्री-रोल याहूनही लांब ठेवायला सांगितला असता, कारण तिथे लय आधीच्या ओळीतच मुरलेली असते.

तुम्ही एकट्याने गाता आणि एकट्याने मशीन चालवता. तुमच्यासाठी मला याहून साधी रीत जास्त पसंत आहे. जुन्या ट्रॅकखाली एक नवा रिकामा ट्रॅक उघडा. मूळ ट्रॅकला ज्या सेटिंग होत्या त्याच त्याला द्या. मुखड्याच्या आधीपासून त्या ट्रॅकवर सरळ रेकॉर्डिंग सुरू करा आणि दुसरा अंतरा संपेपर्यंत गा. खुणा नाहीत, घाई नाही. नंतर सावकाश बसून त्यातली हवी ती ओळ कापून वर घ्या. एक अख्खा अंतरा हाताशी असल्याने जोड कुठे घ्यायचा हे ठरवायला वाव राहतो. जुना ट्रॅक या सगळ्यात जागचा हलतही नाही, त्यामुळे तुमची भीतीही जाईल.

भीतीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती अगदीच निराधार नाही. चुंबकीय टेपच्या काळात पंच मारला की जुनं कायमचं पुसलं जाई. रेकॉर्डिस्ट श्वास रोखून बरोबर दोन शब्दांच्या फटीत बटण दाबायचे. क्षणभर उशीर झाला की पुढच्या चांगल्या शब्दाचा बळी. आजची बहुतेक सॉफ्टवेअर नवा टेक डिस्कवर वेगळ्या फाइलमध्ये लिहितात आणि जुना तसाच राहतो, पडद्यावर फक्त झाकला जातो. एकाच जागेवर घेतलेले सगळे टेक एकाखाली एक ठेवण्याची सोयही त्यांत असते. काहींत मात्र जुन्यावर थेट लिहिण्याचीही सोय आहे. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये तसा वेगळा मोडच आहे, तो चुकून चालू नाही ना, हे बघून घ्यावं. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एवढं लक्षात ठेवा, की प्रोजेक्ट बंद केल्यावर अन्डूचा इतिहास राहत नाही. तेव्हा कुठलंही सॉफ्टवेअर असो, आज पहिल्यांदा प्रोजेक्टची एक प्रत वेगळ्या नावाने आणि शक्यतो वेगळ्या डिस्कवर ठेवा. मग बिनधास्त हात लावा.

ऑडॅसिटीचं नाव निघालंच आहे तर: २.३.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून त्यात 'पंच अँड रोल' आहे. चुकलेल्या जागी कर्सर ठेवायचा, शिफ्ट आणि डी दाबायचं. मागची ५ सेकंद ऐकू येतात, मग रेकॉर्डिंग सुरू होतं आणि जोडावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड आपोआप बसतो. दोन्ही आकडे बदलता येतात. पुस्तक वाचून रेकॉर्ड करणाऱ्यांना हे वरदान आहे: चुकलं की वाक्याच्या आरंभाशी यायचं आणि तिथून पुढे वाचत जायचं. तुमच्यासारखं, पुढचं सगळं नीट झालंय आणि मधली एकच ओळ बदलायची आहे, अशा वेळी मात्र वेगळा ट्रॅकच बरा.

हेडफोनमध्ये काय ऐकायचं, यावर बरंच अवलंबून आहे. प्री-रोलमध्ये स्वतःचा जुना आवाज हवा, त्याच्यावरच स्वार होऊन तुम्ही ओळीत शिरणार. पण नवी ओळ गाताना जुनी ओळ ऐकू येता कामा नये. उतरलेला 'थांबे' कानात वाजत असेल तर गळा नकळत त्याच्याकडे झुकतो, किंवा त्याला टाळायला म्हणून चढतो. पंचची सोय वापरलीत तर योग्य सेटिंगवर खुणेनंतर जुना आवाज आपोआप बंद होतो. नवा ट्रॅक वापरलात तर जुन्या ट्रॅकवरची ती ओळ तात्पुरती म्यूट करून ठेवा.

आणि स्वतःचा चालू आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत नाही ना, हे तपासा. कॉम्प्युटर आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. कॉम्प्युटर आवाजाची नोंद सेकंदाला हजारो वेळा घेतो, त्या एकेका नोंदीला सॅम्पल म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदींवर, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, आणि १०२४ चा म्हणजे सुमारे २३. हा फक्त एका बाजूचा हिशोब. आवाज आत येऊन परत बाहेर पडेपर्यंत दुप्पट आणि वर थोडा वेळ लागतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे २३ मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे स्वतःचाच आवाज आठ मीटरवरून ऐकत गाण्यासारखं आहे. अशाने गाणारा मागे पडतो किंवा अक्षरं ओढू लागतो. मूळ टेकच्या वेळी बफर लहान असेल आणि नंतर मिक्सिंगसाठी तुम्ही तो वाढवला असेल, तर ओळ जुळत नसण्याचं हेही एक कारण असू शकतं. रेकॉर्डिंगला बफर कमी करा, किंवा इंटरफेसवर, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवर, डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर ते वापरा. त्यात आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात पडतो. बिनतारी ब्लूटूथ हेडफोन या कामाला घेऊ नका, त्यांचा उशीर बहुधा शंभर मिलिसेकंदांच्याही पुढे असतो.

आता माइक. तुमचा माइक समोरून ऐकणारा असेल, आणि घरी वापरले जाणारे बहुतेक तसेच असतात, तर तोंड जितकं जवळ तितका खर्ज वाढतो. अंतर २० सेंटिमीटरवरून १० वर आलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो आणि खोलीचा घुमार त्या मानाने मागे जातो. एकच शब्द गाताना माणूस त्याच्यावर लक्ष एकवटतो आणि न कळत पुढे वाकतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय, की अशा वेळी आधी गाणाऱ्याचे पाय बघतो. मूळ टेक उभ्याने गायलात की बसून? माइक तोंडाच्या किती वर होता? ही मापं कुठे लिहिलेली नसतील तर आठवून जवळपास जा. पुढच्या वेळी मात्र रेकॉर्डिंगच्या आधी माइकची मांडणी फोनवर टिपून ठेवा, इंटरफेसवरच्या गेनच्या (माइकचा आवाज किती वाढवायचा त्या) बटणाचाही फोटो काढा, आणि अंतर वितीने मोजून लिहा.

मूळ मांडणी पुन्हा जमली का, हे ठरवायची माझी एक खात्रीची रीत आहे. चुकलेल्या ओळीकडे वळूच नका. आधी त्याच अंतऱ्यातली एक अशी ओळ घ्या जी मूळ टेकमध्ये उत्तम झाली आहे. ती नव्या मांडणीत गा, आणि जुनी-नवी, जुनी-नवी अशी आलटून पालटून ऐका. नवी पातळ किंवा घुमारलेली वाटली तर थोडं जवळ सरका, खर्जाने जड वाटली तर मागे. आवाज जास्त फाकलेला वाटला तर माइकचा कोन बघा. एखाद्या जागी पडदा होता आणि आता नाही, दार उघडं आहे, कपाटाची दारं लावलेली आहेत, एवढ्यानेही खोली वेगळी बोलते. त्या दोन ओळींत फरक ऐकू येईनासा झाला की मगच चुकलेल्या ओळीकडे जा. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. तुमचे तीन दिवस ज्यात गेले, ते काम या अर्ध्या तासात होतं.

वेळही तीच घ्या. सकाळी सातचा गळा आणि रात्री नऊचा गळा एक नसतो. मूळ टेक संध्याकाळी झाला असेल तर संध्याकाळीच बसा, आणि आधी दोनदा गाणं पूर्ण गाऊन घ्या.

किती टेक घ्यायचे? चार-पाच. सतरा नक्कीच नाहीत. सहाव्या-सातव्या टेकनंतर माणूस ओळ गात नाही, चूक टाळत असतो, आणि ते टाळणं आवाजात उतरतं. पाच टेक घ्या, त्यांना नुसते आकडे द्या, मशीन बंद करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. निवडताना मी आधी भाव बघतो, मग लय, आणि सूर सगळ्यात शेवटी. उलटं वाटेल, पण सूर थोडाफार सावरता येतो, मेलेला भाव कुठल्याही बटणाने उठत नाही. एका टेकमधलं अर्धं अक्षर, दुसऱ्यातलं दीड, अशी भाजी मात्र निवडत बसू नका. ओळ एका टेकची घ्या, फार तर अर्धी-अर्धी, श्वासावर किंवा 'प'वर जोडून.

सूर सावरण्याचा विषय निघालाच आहे तर एक पर्याय सांगून ठेवतो. तुमचा मूळ 'थांबे' खरोखर 'किंचित'च उतरला असेल, तर कदाचित पुन्हा गायचीही गरज नाही. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट असतात. वीस-तीस सेंटची उणीव मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने तेवढा एकच स्वर उचलून भरून काढता येते, आणि तुमचा लाडका एकारही जागेवर राहतो. मात्र आपोआप सूर लावणारी सेटिंग आपल्या गाण्याला लावू नका. ती मींड पायऱ्या पायऱ्यांची करते, आंदोलन चपटं करते, आणि जिथे सूर मुद्दाम थोडा उतरता ठेवलाय तिथेही त्याला खेचून उभा करते. हाताने, एकच जागा, आणि कानाला पटेल इतकंच.

जोड लावण्याबद्दल आता फार उरलेलं नाही. जागा बरोबर निवडली असेल तर ५ ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड पुरतो. आकार निवडायला मिळत असेल तर दोन वेगवेगळ्या टेकच्या जोडाला इक्वल पॉवर घ्या. साध्या सरळ रेषेच्या फेडमध्ये अशा जोडाच्या मध्यावर आवाज सुमारे ३ डेसिबलने खाली बसतो. रेकॉर्ड करताना रिव्हर्ब (कृत्रिम घुमार) किंवा कंप्रेसर (आवाजाचे चढउतार कमी करणारी सोय) आवाजावर चढवून घेऊ नका. मूळ टेक तसा घेतला असेल तर कापलेल्या जागी घुमाराची शेपटी तुटलेली ऐकू येईल आणि त्यावर इलाज अवघड आहे. आवाज कोरा घ्या, ओळी जोडा, आणि मग आवाजाच्या सगळ्या ट्रॅकवर मिळून एकच कंप्रेसर, एकच रिव्हर्ब लावा, म्हणजे जुनी आणि नवी ओळ एकाच घुमारात भिजून निघतात. ओळीच्या मागेपुढे शांततेची फट राहत असेल तर तिथे खोलीची शांतता भरा. प्रत्येक बैठकीत काहीही न बोलता ३० सेकंद रेकॉर्ड करून ठेवायची सवय लावलीत तर ती हाताशी असते. पूर्ण निःशब्द फट फार ओरडते.

मूळ टेकमध्ये हेडफोनमधली साथ माइकमध्ये थोडी झिरपली असेल तर नव्या ओळीच्या वेळीही हेडफोनचा आवाज तेवढाच ठेवा. तुमच्या गाण्यात साथ आधीच वेगळी तयार होती, हे नशीबच म्हणायचं. गाणारा आणि वाजवणारा एका खोलीत एकत्र रेकॉर्ड झाले असते, तर नुसत्या आवाजाला पंच मारून चाललं नसतं. आवाजाच्या माइकमधला तबला मध्येच बदलला असता आणि दोघांनाही ती ओळ पुन्हा करावी लागली असती.

मित्राचं म्हणणं: सगळं गाणं परत गा. एकदा जरूर गा, पण चूक काढायला म्हणून नको. साडेचार मिनिटांच्या नव्या टेकमध्ये 'थांबे' जमेल आणि दुसरं काहीतरी निसटेल, असंच बहुधा होतं. पूर्ण गाण्याचा फायदा वेगळा आहे. तीन दिवस एका शब्दाभोवती फिरून तुमचं गाणं तुमच्यापासून तुटलंय. ते एकदा आख्खं गाऊन घ्या, रेकॉर्ड करा किंवा नका करू, आणि मग पंचला बसा.

आता लबाडीचा प्रश्न. तो तुम्ही शेवटी विचारलात, पण मला वाटतं हात थांबण्याचं खरं कारण तोच आहे. १९५७ साली लेस पॉल या गिटारवादकाकडे अँपेक्स कंपनीचं आठ ट्रॅकचं यंत्र आलं, आणि त्याच्याही आधीपासून तो स्वतःच्याच वादनावर वादनाचे थर चढवत होता. ग्लेन गूल्ड हा पियानोवादक १९६४ मध्ये मैफिलींतून कायमचा बाजूला झाला आणि उरलेलं आयुष्य स्टुडिओत काम करत राहिला. टेप कापून वेगवेगळे टेक जोडणं हा त्याच्या दृष्टीने कलेचाच भाग होता आणि तो ते उघडपणे मांडायचा. मैफल आणि रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मैफिलीत ऐकणारा त्या क्षणाचा साक्षीदार असतो. रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला तुम्ही पूर्ण झालेलं गाणं देता. कवीने खोडलेला शब्द वाचकाला दाखवायचा नसतो.

तरी माझ्यापुरत्या दोन रेघा मी आखून घेतल्या आहेत. जे मी एका श्वासात, एका दमात कधीच म्हणू शकत नाही, ते दोन टेक जोडून म्हटल्यासारखं दाखवायचं नाही. आणि एखादं रेकॉर्डिंग थेट मैफिलीचं म्हणून ऐकवत असेन, तर त्याला पंच मारायचा नाही. तुमच्या बाबतीत दोन्हींतलं काहीच लागू होत नाही. 'थांबे' तुम्हाला येतो. त्या दिवशी तो थोडा उतरला, एवढंच. तुमच्याच गळ्याने, त्याच गाण्यातून चालत येऊन म्हटलेली तुमचीच ओळ तिथे बसवण्यात मला कुठलीही फसवणूक दिसत नाही.

जोड लागला की लगेच त्या जागेवर पंचवीस वेळा मागेपुढे करत ऐकू नका. पडद्यावर जोडाची रेघ दिसत असते तोवर डोळा कानाला सांगत राहतो, आता आला, आता आला. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पडद्याकडे पाठ करून गाणं सुरुवातीपासून ऐका. नंतर त्या मित्राला बोलवा, ओळ कोणती, अंतरा कोणता, काही सांगू नका, आणि गाणं संपल्यावर कुठे काही खटकलं का, एवढंच विचारा. त्याने भलतीच जागा दाखवली, तर 'थांबे' बसला असं समजा आणि त्याने दाखवलेली ओळ मूळ टेकमध्ये कशी लागली आहे, ते ऐका.